शिकायची तयारी कुणाची?

कुठल्याही प्रशिक्षणाला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘बायकांना नवं काही शिकायला नको असतं.’ कधी साहेब ते वैतागून म्हणतात, कधी हसून. अंगणवाडी सेविकांबद्दल तर हे सतत ऐकू येतं. नोंदी मोबाइलवर भरायच्या झाल्या, आणि वीस-पंचवीस वर्षं गावातली पोरं वजनकाट्यावर घालणारी बाई अचानक ‘जुन्या वळणाची’ ठरली. या शेऱ्यात तथ्य किती, हे एकदा नीट तपासायला हवं.

सेविका शिकत नाही, हे मुळातच खरं नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तेव्हापासून हे काम बदलतच आलं आहे. वाढीचे तक्ते आले. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या निकषांप्रमाणे ते बदलले. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. दंडाचा घेर मोजणं आलं, अकरा प्रकारची रजिस्टरं आली. सातवी-दहावी शिकलेल्या बायकांनी हे सगळं आत्मसात केलं. तेव्हा त्यांच्या शिकण्याचं कौतुक कुणी केल्याचं आठवत नाही.

मग मोबाइलच्या वेळी काय झालं? महाराष्ट्रात २०१९मध्ये सेविकांना सरकारी फोन मिळाले. ते अपुऱ्या क्षमतेचे होते. तापायचे, बंद पडायचे, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी यायचा. २०२१मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आलं, तेही इंग्रजीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. ‘बघा, यांना बदल नको’ असं तेव्हा म्हटलं गेलं. पण त्यांच्या मागण्या काय होत्या? चांगला फोन द्या आणि मराठीतलं ॲप द्या. शिकायचं नसलेली बाई शिकण्याचं चांगलं साधन कशाला मागेल? आज तेच ॲप मराठीत उघडतं. म्हणजे मागणी अशक्य कोटीतली नव्हती.

भीती नसते असं मात्र मी म्हणणार नाही. नवं यंत्र आलं की बाईच्या पोटात गोळा येतो. त्याला कारण आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या दशकात दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बहुतेक जणी वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे कामाची फेरमांडणी झाली, कमी माणसांत जास्त माल निघू लागला. बायकांना रात्रपाळीवर ठेवता येत नव्हतं, त्यामुळे मालकांना पुरुष सोयीचे वाटू लागले. बायका कमी कमी होत गेल्या, आणि १९७०च्या दशकापर्यंत त्यांचा वाटा अगदी थोडका उरला. ‘या, नवं काम शिका’ असं त्यांना कितीदा म्हटलं गेलं असेल? बदल आला की आधी बाई घरी जाते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. त्याला अडाणीपणा म्हणून कसं चालेल?

तरीही मैत्रिणींनो, आपणही स्वतःकडे जरा पाहू या. मोबाइलवरची माहिती घरी मुलाकडून भरून घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत. ‘मला नाही बाई जमत’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की पुढे तेच खरं वाटायला लागतं. त्यात आपलं नुकसान आहे. आपल्या कामाची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. नोंद चुकली तर जाब आपल्याला विचारला जातो आणि चूक कुठे झाली तेही आपल्याला सांगता येत नाही. मोबाइल आपल्या हातात राहायचा असेल तर तो आपल्यालाच चालवता आला पाहिजे. चार वेळा चुकलं तरी चालेल. महिन्याच्या बैठकीत शेजारच्या गावच्या तरुण सेविकेजवळ बसून शिकण्यात कसला कमीपणा? तिलाही कुपोषित बाळाच्या आईशी कसं बोलायचं, हे आपल्याकडून शिकायचंच आहे.

पण शिकण्याची सगळी जबाबदारी एकट्या सेविकेवर कशी टाकता येईल? १ जुलै २०२५पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखून खात्री करणं केंद्र सरकारनं सक्तीचं केलं. त्यासाठी आधारची पडताळणी लागते आणि तिचा ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामाला बाहेरगावी. बाळंतीण मूल कडेवर घेऊन दारात उभी. तिला सेविका जन्मापासून ओळखते, पण मोबाइल ओळखत नाही! घरातला फोन कुणाच्या ताब्यात असतो, हे कुठल्याही सेविकेनं आधीच सांगितलं असतं. तिला विचारायला हवं होतं. म्हणून शिकण्याची तयारी साहेबांनीही दाखवावी आणि ॲप बनवणाऱ्यांनीही.

आणखी एक गोष्ट. सरकारच्या हिशेबी सेविका मानधनावरची मानसेवी. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्ये सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला, तरी पूर्ण कर्मचारी म्हणून मान्यता नाहीच. कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण हा कामाचा भाग समजतात. सेविकेनं मात्र रात्री भाकऱ्या उरकून, रेंज शोधत, स्वतःच्या वेळात शिकायचं. शिकायला वेळ लागतो आणि वेळेला दाम असतो, हे कोण मान्य करणार?

तेव्हा आपलं म्हणणं साधं असावं. आम्ही शिकू. पण कामाच्या वेळेत, आमच्या भाषेत आणि चालणाऱ्या साधनावर. शिकताना झालेल्या चुकीसाठी मानधन कापू नका. आणि नवं काही आणण्याआधी, जिला ते वापरायचं आहे तिला विचारा. पुढच्या प्रशिक्षणात कुणी म्हणालं की बायकांना नवं काही नको असतं, तर उठून एवढंच विचारू या : साहेब, गेल्या वर्षभरात आमच्याकडून तुम्ही काय शिकलात?