दोष देण्याआधी दोष शोधा

कार्यकर्ता म्हटला की लोक भांडण घेऊन दारात येतात. रेशनकार्डापासून बांधाच्या वादापर्यंत सारे आमच्या ओट्यावर येते. परंतु गाडीच्या वायरिंगचे भांडण आमच्यापुढे आले ते या आषाढात पहिल्यांदाच.

आमच्या वस्तीतील एका तरुणाने कर्ज काढून पिवळ्या पाटीची जुनी व्हॅन घेतली आहे. पहाटे पिरंगुटच्या कारखान्यांतील कामगारांना नेतो, संध्याकाळी आणतो. हप्ता याच गाडीवर भागतो. गाडी हाती आली तशी हौसही आली. आत रंगीत दिवे, पुढे धुक्याचे दिवे, मोठा कर्णा, गाण्यांची पेटी, मागच्या दारावर लाल दिव्यांची पट्टी. यातले काही काम वस्तीतल्याच आयटीआय झालेल्या एका पोराने केले. त्याच्या मजुरीचे पंधराशे रुपये राहिले होते.

रविवारी सकाळी दोघेही आमच्याकडे आले. पोराची आई मागे उभी होती, काही बोलत नव्हती.

"काका, ह्याच्या वायरिंगपायी काल माझी पोरंबाळं जळता जळता वाचली. ह्याला एक पैसा देणार नाही," तरुण म्हणाला.

"काका, मी जे जे बसवलं त्याला वेगळा फ्यूज टाकलाय. तुम्ही बघून घ्या," पोरगा म्हणाला.

आदल्या दिवशी घडले ते असे. बायको, दोन मुले आणि आई यांना घेऊन तो ताम्हिणीहून परतत होता. अंधार पडू लागला म्हणून दिवे लावले, तोच फ्यूज उडाला. त्या आठवड्यातला तो तिसरा. सुटा फ्यूज जवळ नव्हता. पठ्ठ्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळली आणि निघाला. माले गाव सोडले आणि गाडीत प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. म्हातारी ओरडली, "आधी गाडी थांबव!" सगळे भर पावसात खाली उतरले, म्हणून निभावले.

आम्ही पडलो कारकून. विजेचे आमचे ज्ञान बिलाचा आकडा वाचण्यापुरते. परंतु तेरीज जुळली नाही म्हणून समोर दिसेल त्या शिपायावर आळ घ्यायचा नसतो, तर पाने उलटायची असतात, एवढे बी.कॉम.ने आम्हाला शिकवले आहे. आम्ही दोघांना म्हटले, "पैशाचे नंतर. आधी दोष कुठे आहे ते पाहू." पौडच्या बाजारातील एका जुन्या मिस्त्रींना बोलावणे धाडले.

मिस्त्रींनी प्रथम ती चांदी काढली आणि तरुणाला चांगलेच फैलावर घेतले. ते म्हणाले, "गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीची परतीची वायर. वजा टोक पत्र्यालाच जोडलेले असते. अधिकची वायर कुठे सोलली आणि पत्र्याला टेकली की वीज दिव्यातून न जाता सरळ परत जाते. यालाच शॉर्ट म्हणायचे." आम्ही लगेच हिशेब मांडला. पार्किंगचा 5 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर अर्धा अँपिअरही घेत नाही. पण शॉर्टच्या वाटेत एक दशांश ओहमच अडथळा उरला, तर 12 भागिले 0.1 म्हणजे 120 अँपिअर! बारीक वायर एवढा भार कशी सोसणार? ती तापण्याआधी तुटायचे काम फ्यूजचे. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. लालच्या जागी हिरवा किंवा चांदी घातली की फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

मग शोध सुरू झाला. मिस्त्रींनी त्या फ्यूजवर चालणारे मूळचे सगळे दिवे काढून ठेवले आणि फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडला. त्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही, म्हणून वायरीला धोका नाही. दिवे काढलेले असल्याने खरे म्हणजे हा बल्ब पेटायलाच नको. पण दिव्यांचे बटण दाबताच तो लख्ख पेटला. शॉर्ट होता तर.

"आता एकेक सोडवत जायचं. ज्याच्यापाशी बल्ब विझेल तिथं चोर," मिस्त्री म्हणाले.

तरुणाने आधी पोराने बसवलेले रंगीत दिवे सोडवायला सांगितले. सोडवले. बल्ब पेटलेलाच. धुक्याचे दिवे तर बॅटरीवरून रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालून घेतलेले निघाले. या वाटेशी त्यांचा संबंधच नव्हता. पेटी काढली, तरी बल्ब तसाच. मग मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या आसनाखालचा कपलर सोडवला, म्हणजे गाडीची पुढची वायरिंग आणि मागची वायरिंग वेगळी केली. बल्ब विझला. अर्धी वही तपासून झाली. चूक मागच्या अर्ध्यात. कपलर पुन्हा जोडला आणि मागच्या दाराची वायर सोडवली. बल्ब पुन्हा विझला. ती जोडून दार हलवले, तर बल्ब लुकलुकू लागला.

दाराच्या वरच्या कोपऱ्यात वायर आत जाते तिथे पत्र्याला भोक असते आणि त्यात रबराचे कडे असते. ते कडेच नव्हते. लाल पट्टीची जादा वायर त्याच भोकातून घालता यावी म्हणून कुणीतरी ते काढून टाकले होते. दार उघडताना-लावताना पत्र्याच्या धारेने वायरीचे कातडे सोलले गेले होते. त्यात पावसाचे पाणी. पुढे हातभर वायर मऊ पडून चिकटली होती.

"ही पट्टी कुणी बसवली?" मिस्त्रींनी विचारले.

तरुण खाली पाहू लागला. ती त्याने आणि त्याच्या मेहुण्याने घरीच बसवली होती.

वाचकहो, आपल्याच तालुक्यात हिंजवडीला 19 मार्च 2025 रोजी कंपनीची गाडी पेटून चार कर्मचारी गेले. पहिल्या दिवशी शॉर्ट सर्किटचीच चर्चा होती. तपास झाला तेव्हा चालकानेच आग लावल्याचे पोलिसांनी सांगितले. शोधाआधी निकाल दिला की असे होते. खरे कारण राहते बाजूला आणि भलत्यावर बोट जाते. इथे ते बोट एका गरीब पोराच्या मजुरीवर आणि नावावर होते. आज पंधराशे गेले असते, उद्या त्याला कुणी काम दिले नसते. आणि दारातली वायर मात्र तशीच सोलत राहिली असती.

मिस्त्रींनी खराब वायर कापून त्याच जाडीची नवी जोडली, जोडावर झाळ देऊन आवळती नळी चढवली, नवे रबरी कडे बसवले आणि लाल 10 चाच फ्यूज घातला. पट्टी मात्र काढायला लावली. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही. नियमबाह्य फेरफारास 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पट्टीची हौस कितीला पडली असती याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ज्यांच्या घरी गाडी, रिक्षा वा टेम्पो आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच आकड्याचा फ्यूज घालावा. दोन-चार सुटे गाडीत ठेवावेत. पुन्हा उडाला तर गाडी वायरिंगवाल्याला दाखवावी. जादा वस्तू बसवायचीच तर आधी परवानगी आहे का ते विचारावे, आणि तिला स्वतःचा फ्यूज घ्यावा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे हवेच. भातकापणीनंतर गाडी उभी राहिली तर उंदराने वायर कुरतडली आहे का ते पाहावे. जळका वास आला की गाडी कडेला घेऊन बंद करावी, आधी माणसे उतरवून लांब न्यावीत. गाडीचा विचार त्यानंतर.

तरुणाने घरी जाऊन पैसे आणले आणि आमच्या हाती देऊ लागला. आम्ही म्हटले, "आमच्याकडे कशाला? त्याच्या हातात दे." त्याने दिले. "चुकलं माझं," एवढेच म्हणाला. पोराच्या आईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. म्हणाली, "दादा, ते काढलेलं कडं दुसऱ्या दारालाही आहे का, तेवढं बघून घे."

पाहिले. सरकत्या दाराचे कडे अर्धे फाटलेले होते. तेही बदलले.