भिलाई महापालिका : कौल नगरसेवकांना, निवड महापौराची

पोलादनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलाई शहराच्या महापालिकेसाठी २० डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले आणि २३ डिसेंबर रोजी मतमोजणी झाली. एकूण ७० प्रभागांपैकी ३७ प्रभागांत काँग्रेसचे, २४ प्रभागांत भारतीय जनता पक्षाचे आणि ९ प्रभागांत अपक्ष उमेदवार विजयी झाले. सभागृहातील बहुमतासाठी ३६ सदस्यांची आवश्यकता होती. काँग्रेसला त्यापेक्षा केवळ एक जागा अधिक मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये याच पक्षाचे नीरज पाल यांची महापौरपदी निवड झाली.

एका राज्यातील एका शहराचा हा निकाल, एवढेच त्याचे महत्त्व नाही. महापौर मतदारांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी आपल्यातून निवडावा, हा देशातील अनेक राज्यांत पुन्हा पुन्हा उपस्थित होणारा प्रश्न या निकालाच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील वाचकांनाही तो अपरिचित नाही.

चार महापालिकांचे चित्र

भिलाईबरोबरच रिसाली, भिलाई-चरोदा आणि रायपूरजवळील बीरगाव या महापालिकांचीही निवडणूक त्याच दिवशी झाली. या तिन्ही ठिकाणी प्रत्येकी ४० प्रभाग होते. भिलाई महापालिकेच्या हद्दीतून वेगळ्या केलेल्या रिसालीत ही पहिलीच निवडणूक होती. तेथे काँग्रेसला २१, भाजपला १२ आणि इतरांना ७ जागा मिळाल्या. भिलाई-चरोदा येथे काँग्रेस १९, भाजप १५ व अपक्ष ६ असे बलाबल राहिले. बीरगावात काँग्रेसला १९, भाजपला १०, अजित जोगी यांनी स्थापन केलेल्या जनता काँग्रेस छत्तीसगड पक्षाला ५ आणि अपक्षांना ६ जागा मिळाल्या.

चारही महापालिकांची बेरीज केली असता १९० जागांपैकी काँग्रेसकडे ९६, भाजपकडे ६१ आणि इतरांकडे ३३ जागा गेल्या, असे दिसते. म्हणजे सत्ताधारी पक्षाला एकंदर निम्म्यापेक्षा एकच जागा जास्त मिळाली. दोन महापालिकांत तर स्पष्ट बहुमतही नव्हते. तरीही चारही ठिकाणी महापौर काँग्रेसचाच झाला. मतपेटीतील कौल काठावरचा आणि सत्तेचा वाटा मात्र संपूर्ण, हे या निकालाचे पहिले वैशिष्ट्य होय.

नियम बदलला, गणित बदलले

या विसंगतीचे कारण निवडणूक पद्धतीत सापडते. छत्तीसगड राज्याची निर्मिती १ नोव्हेंबर २००० रोजी झाली. मध्य प्रदेशाकडून वारशाने आलेल्या पद्धतीनुसार तेथे महापौराची निवड थेट मतदारांकडून होत असे. भूपेश बघेल यांच्या काँग्रेस सरकारने २०१९ मध्ये ही पद्धत रद्द केली आणि महापौर निवडण्याचा अधिकार नगरसेवकांना दिला. मतदानयंत्रांऐवजी मतपत्रिकांचा वापरही त्याच वेळी पुन्हा सुरू झाला.

डिसेंबर २०१९ मध्ये राज्यातील दहा महापालिकांच्या निवडणुका या नव्या पद्धतीने झाल्या. रायपूरमध्ये ७० पैकी ३४ जागा मिळालेल्या काँग्रेसने अपक्षांच्या साहाय्याने महापौरपद मिळवले. कोरबा येथे भाजप हा सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. परंतु तेथेही अवघ्या एका मताच्या फरकाने काँग्रेसचा महापौर निवडून आला. अखेर दहाही महापालिका काँग्रेसकडे गेल्या. दोन वर्षांनंतर भिलाई आणि अन्य तीन शहरांत याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली.

अप्रत्यक्ष निवडणुकीत अपक्ष नगरसेवकाचे मोल वाढते. राज्यात ज्याची सत्ता, त्याच्याकडे निधी, ही समजूत प्रभागातील कामांची जबाबदारी असलेल्या सदस्याला स्वाभाविकच सत्ताधारी बाकांकडे खेचते. थेट निवडणुकीत हा प्रश्न उद्भवत नाही, पण दुसरा उद्भवतो. महापौर एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती निर्माण होऊन अर्थसंकल्पापासून समित्यांपर्यंत प्रत्येक विषय अडून राहू शकतो. दोन्ही पद्धतींच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. अडचण आहे ती पद्धत कोण आणि केव्हा बदलतो, याची.

सत्तांतरानंतर

नोव्हेंबर २०२३ मधील विधानसभा निवडणुकीत राज्यात सत्तांतर झाले. ९० पैकी ५४ जागा जिंकून भाजप सत्तेवर आला आणि काँग्रेसला ३५ जागांवर समाधान मानावे लागले. दोनच वर्षांपूर्वी महापालिका जिंकणाऱ्या काँग्रेसची भिलाई परिसरातील स्थितीही पालटली. भिलाई नगर मतदारसंघात माजी महापौर देवेंद्र यादव यांनी भाजपचे प्रेमप्रकाश पांडे यांचा सुमारे बाराशे मतांनी निसटता पराभव केला. शेजारच्या वैशाली नगर मतदारसंघात मात्र भाजपचे रिकेश सेन मोठ्या फरकाने विजयी झाले. रिसालीचा परिसर ज्या दुर्ग ग्रामीण मतदारसंघात येतो, तेथे तत्कालीन गृहमंत्री ताम्रध्वज साहू पराभूत झाले. महापालिकेतील यश हे विधानसभेतील यशाची पूर्वसूचना असते, असे मानणाऱ्यांनी या निकालाची नोंद घ्यावयास हवी.

विष्णुदेव साय यांच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये थेट निवडणुकीची पद्धत पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा महापालिकांसाठी मतदानयंत्रांद्वारे मतदान झाले आणि दहाही महापौरपदे भाजपने जिंकली. भिलाईला लागून असलेल्या दुर्गमध्ये अलका बाघमार विजयी झाल्या. २०१९ मध्ये दहापैकी दहा काँग्रेसकडे, २०२५ मध्ये दहापैकी दहा भाजपकडे. पद्धती परस्परविरुद्ध, परंतु दोन्ही वेळी लाभ राज्यातील सत्ताधारी पक्षालाच झाला. पद्धतीपेक्षा राज्यसत्तेचा प्रभाव अधिक निर्णायक ठरतो, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

महाराष्ट्रातील अनुभव याहून वेगळा नाही. तेथे महापौर नगरसेवकांतूनच निवडला जातो, पण नगराध्यक्षाच्या निवडीची पद्धत २००१ पासून अनेकदा बदलली. थेट निवड आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ च्या सत्तांतरानंतर पुन्हा आली. मध्य प्रदेशातही २०१९ मध्ये रद्द झालेली महापौरांची थेट निवडणूक २०२२ मध्ये परतली. यांपैकी एकाही प्रसंगी मतदारांचे मत स्वतंत्रपणे विचारले गेले नाही.

इंग्लंडमध्ये या बाबतीत निराळा मार्ग उपलब्ध आहे. तेथील बहुतेक स्थानिक परिषदांत नेत्याची निवड सदस्यच करतात. परंतु २००० च्या कायद्यानुसार थेट निवडलेल्या महापौराची पद्धत स्वीकारण्यासाठी स्थानिक सार्वमत घेता येते. ब्रिस्टल शहराने २०१२ मध्ये सार्वमताद्वारे अशी पद्धत स्वीकारली आणि २०२२ मध्ये सार्वमतानेच ती नाकारली. निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद संभवतात, पण तो नगरवासीयांनी घेतला होता.

कारखाना आणि नगरपिता

भिलाईपुरता आणखी एक प्रश्न आहे. तो अधिक जुना आणि अधिक खोल आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला. त्या वेळी हा प्रदेश ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली वसाहतही उभी राहिली. महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे तेथे स्थायिक झाली. घरे, रस्ते, पाणी, शाळा, रुग्णालय या सर्वांची व्यवस्था कारखान्याकडे होती.

महापालिका १९९८ मध्ये अस्तित्वात आली, तेव्हा वसाहतीचाही तिच्या हद्दीत समावेश झाला. परिणामी शहरात दोन व्यवस्था नांदू लागल्या. सुपेला, वैशाली नगर, कॅम्प अशा भागांत नागरिकांचा संबंध मुख्यतः महापालिकेशी येतो. सेक्टरांत मात्र जमीन आणि निवासस्थाने कारखान्याच्या मालकीची असून नागरी सेवाही त्याच्याच नगर सेवा विभागाकडे आहेत. तेथील मतदार नगरसेवक निवडतो, पण गळक्या छतासाठी किंवा नादुरुस्त जलवाहिनीसाठी त्याला दार ठोठवावे लागते ते कारखान्याच्या कार्यालयाचे.

७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम २४३ क्यू मध्ये औद्योगिक नगरीला नगरपालिकेतून वगळण्याची मुभा राज्यपालांना दिली आहे. जमशेदपूरमध्ये कंपनीच्या नागरी सेवांचा वारसा प्रबळ राहिला आणि त्या शहराला निर्वाचित महापालिका मिळाली नाही. भिलाईने मतदानाचा मार्ग निवडला, ही जमेची बाजू. मात्र मताला अधिकाराची जोड अपुरी राहिली. कायम कामगारांची संख्या घटत गेली, निवृत्त कुटुंबे शहरातच राहू इच्छितात आणि भाडेपट्ट्याच्या घरांचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उपस्थित होतो. त्याचे उत्तर मात्र महापौराच्या हाती नसते. ते पोलाद प्राधिकरण आणि केंद्र सरकार यांच्याकडे असते.

पुढील कसोटी

राज्यघटनेनुसार महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे असते आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण होणे अपेक्षित आहे. भिलाईत २०२१ च्या निवडणुकीपूर्वी बराच काळ प्रशासकाचा कारभार होता. मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांनीही २०२२ पासून हाच अनुभव दीर्घकाळ घेतला. जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या सभागृहाची मुदत जानेवारी २०२७ मध्ये पूर्ण होते. त्यानंतरची निवडणूक वेळेवर होणे, ही पहिली कसोटी आहे.

दुसरी कसोटी राजकीय पक्षांची आहे. थेट निवडलेल्या महापौराच्या मागे संपूर्ण शहराचा कौल असेल, पण अर्ध्या शहरावर त्याचा अधिकार चालणार नसेल, तर पद्धत बदलून नागरिकाच्या पदरी फारसे काही पडणार नाही. महापालिका आणि कारखाना यांच्यातील जबाबदाऱ्यांची स्पष्ट विभागणी हा भिलाईच्या निवडणुकीचा खरा विषय आहे. ३७ विरुद्ध २४ या आकड्यांत त्याचे उत्तर नव्हते. पुढील आकड्यांतही ते आपोआप मिळणार नाही. त्यासाठी मतदाराने मत मागणाऱ्यास तो प्रश्न विचारावा लागेल.