फी माफ, पण रस्त्याचं काय?

मैत्रिणींनो, मोफत म्हटलं की गर्दी उसळते, असा आपला अनुभव. मग एखाद्या संस्थेचा संगणकाचा नाहीतर शिवणाचा वर्ग मोफत असूनही अर्धा रिकामा का राहतो? संस्थेच्या ताई म्हणतात, "पालकांना आस्थाच नाही." असं मुळीच नसतं हो! वर्ग सुटतो संध्याकाळी सातला आणि घर असतं लांब. फी माफ होते, रस्ता माफ होत नाही.

आपलं मोहनेच घ्या. जवळचं स्टेशन आंबिवली. कल्याणला काही शिकायला जायचं तर लोकल, नाहीतर रिक्षा. कसाऱ्याकडची एक गाडी चुकली की फलाटावर ताटकळणं आलंच. एन.आर.सी.चा कारखाना २००९ साली बंद पडला आणि वडिलांच्या जागी मुलगा चिकटेल ही आशा संपली. आता हातात काही कला असेल तरच निभावेल. मुलगा मित्रांबरोबर कसाही जातो. मुलीला मात्र आपण म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष काही येत नाही, आणि पोरीची उमेद मात्र जाते.

ही अडचण काहींनी फार छान ओळखली. बीना शेठ लष्करी आणि रजनी परांजपे यांनी १९८८ साली मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या दारी न्यायची! पुढे १९९८ मध्ये त्यांची चाकांवरची शाळा निघाली. बसमध्येच वर्ग; ठरलेल्या वेळी ती वस्तीजवळ येऊन उभी राहते. पुण्यात बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना शाळेत नेण्या-आणण्याची सोयही या संस्थेने केली. सरकारलाही हे पटलं. मानव विकास कार्यक्रमात २०११-१२ पासून मागास तालुक्यांत एस.टी.च्या निळ्या बसगाड्या आल्या, त्या खास मुलींना शाळेत मोफत नेण्यासाठी. गाडी दारात आली की शिक्षणही दारात येतं, ते हे असं.

पण प्रत्येक संस्थेकडे बस कुठून असणार? तेव्हा थोडं आपणही हातपाय हलवू या.

मुलीचं नाव घालण्याआधी संस्थेला स्पष्ट विचारा : वर्ग नेमका किती वाजता सुटतो? शेवटची मुलगी जाईपर्यंत कोण थांबतं? वेळ तासभर अलीकडे घेता येईल का? पुष्कळदा नुसत्या वेळेच्या बदलानेही काम भागतं. विचारायला संकोच कसला?

आळीतल्या चार-पाच मुलींची नावं एकदम घाला. आयांनी वार वाटून घ्यावेत. सोमवारी एकीने आणायला जावं, मंगळवारी दुसरीने. वर्गणी काढून गाडी ठरवणार असाल तर चालकाचं नाव, लायसन, गाडीचा नंबर वहीत टिपून ठेवा. रिक्षात तिघांचीच परवानगी असते. पैसे वाचतात म्हणून सहा-सात पोरं कोंबू देऊ नका.

शाळेच्या बसगाड्यांसाठी महाराष्ट्रात २०११ सालचे नियम आहेत : प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचं साधन, मुली असतील तर बाई मदतनीस, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती, त्यात पालकांचा प्रतिनिधी. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, ठाऊक आहे का? नसेल तर या आठवड्यात विचारून घ्या. संस्थेने गाडी ठेवली असेल तर तिच्याकडेही याच गोष्टींचा आग्रह धरा.

मुलांकडून तीन नंबर पाठ करून घ्या. संकटात ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८, रेल्वेत १३९. आणि एक सांगून ठेवा, "रस्त्यात काही वावगं घडलं तर घरी येऊन सांग. तुझा वर्ग बंद करणार नाही." हे वाक्य फार महत्त्वाचं. वर्ग बंद होईल या भीतीनेच मुली कितीतरी गोष्टी गिळून टाकतात, आणि मग आपल्याला कळतं ते फार उशिरा.

काळजी आईला असायचीच. पण काळजीपोटी दार लावून घेण्यापेक्षा सोबत शोधून देणं बरं, नाही का? तुमच्या आळीत अशी काही सोय केली असलीत तर आम्हाला जरूर कळवा. इतर मैत्रिणींना तिचा उपयोग होईल.