गणित जमतं, अडतं ते वाचनात! पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि सुरतची मराठी मुलं

सुरत : साडी १,२०० रुपयांची. व्यापाऱ्याने आधी १० टक्के वटाव दिला, पैसे रोख मोजल्यावर उरलेल्या रकमेवर आणखी ५ टक्के सोडले. एकूण सूट किती? रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये सहा महिने काढलेला पोरगा १५ टक्के म्हणत नाही. १,२०० चे १,०८० झाले, त्यातले ५४ गेले, उरले १,०२६. सूट १७४ रुपयांची, म्हणजे साडेचौदा टक्के. हिशेब तोंडीच होतो.

हाच प्रश्न कॅट किंवा सीमॅटच्या पडद्यावर चार ओळींच्या इंग्रजीत आला की तोच पोरगा थबकतो. दुसरी सूट मूळ किमतीवर आहे की कमी झालेल्या किमतीवर, हे सांगणारा शब्द वाक्यात कुठेतरी मध्ये बसलेला असतो. तो निसटला की उत्तर १५ टक्के येतं. आणि पेपर काढणाऱ्याने १५ टक्के हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतोच. बाहेर आल्यावर घरी सांगितलं जातं, 'गणित अवघड होतं.' गणित अवघड नव्हतं.

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, गोडादरा या भागांत खान्देशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती व्हॅली लाइनची गाडी पकडायची आणि उधन्याला उतरायचं, हा रस्ता दोन-तीन पिढ्यांचा. पहिली पिढी लूमवर राबली, दुसरी मार्केटमध्ये किंवा छोट्या धंद्यात शिरली. आता तिसऱ्या पिढीतली मुलं बी.कॉम., बीबीए, बी.ई. करून एमबीए, एम.टेक. किंवा परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाकडे बघताहेत. या प्रत्येक वाटेवर एक परीक्षा आडवी येते, आणि प्रत्येक परीक्षेचे दोन खांब तेच असतात : भाषा आणि गणित. कॅट, गुजरातच्या एमबीए प्रवेशासाठी लागणारी सीमॅट, महाराष्ट्राची एमबीए सीईटी, परदेशासाठी जीआरई. एम.टेक.साठीच्या गेटमध्येसुद्धा १०० पैकी १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे असतात, म्हणजे तिथेही भाषा आणि आकडेमोड आलीच.

या सगळ्या परीक्षा इंग्रजीत होतात. गंमत अशी की बारावीनंतरची दारं भाषेच्या बाबतीत बरीच सैल झाली आहेत. नीट मराठीतून देता येते, गुजरातीतूनही देता येते. जेईई मेन २०२१ पासून १३ भाषांत होते, त्यात या दोन्ही आहेत. पदवीनंतर मात्र ही सोय संपते. सीयूईटी-पीजीसारखी परीक्षा हिंदीतून देता येते, पण व्यवस्थापनाच्या परीक्षांत तेवढंही नाही. आयआयएमचा अभ्यासक्रमच इंग्रजीत, मग परीक्षा मराठीत घ्या म्हणणं फारसं टिकणारं नाही, हे मान्य. पण ज्या मुलाचं इंग्रजी वाचन सुरू व्हायलाच उशीर झाला, त्याला तो उशीर कुठे भरून काढायला मिळाला?

इथे राज्याची सीमा फार नेमकी आडवी येते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. गुजरातमध्ये इंग्रजी बराच काळ पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून आणण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. देशात फार थोड्या शहरांना हे जमलं आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तिथल्या मराठी शाळेचा अभ्यासक्रम गुजरातचा. म्हणजे एकाच घरातले दोन चुलत भाऊ घ्या, आज दोघंही बावीस-तेवीस वर्षांचे. शिरपूरला राहिलेल्याने इंग्रजी पहिलीत पाहिलं, सुरतला आलेल्याने पाचवीत. शिरपूरच्या वर्गात इंग्रजी किती चांगलं शिकवलं गेलं हा वेगळा वाद. चार वर्षांचा फरक मात्र कागदावरच आहे. शहरात येऊन पुढे जायचं होतं, आणि या एका बाबतीत शहरातलाच मागे पडला.

त्यात घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, कॉलेजात गुजराती-इंग्रजीची खिचडी. लोक म्हणतात, या पोरांना धड एकही भाषा येत नाही. हे म्हणणं अर्धवट आहे. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, शेजारच्या हिंदी पोराच्या तोंडी तीच 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. सुरतच्या मराठी पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं. समोर कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय यावरून तो अर्थ लावतो आणि बहुतेक वेळा बरोबर लावतो. जीआरईच्या भाषा विभागात रिकाम्या जागा भरायच्या असतात तेव्हा नेमकं हेच कौशल्य तपासतात : आजूबाजूच्या वाक्यावरून शब्दाचा अर्थ पकडणं. कौशल्य अंगात आहे, ते छापील इंग्रजीवर वापरायची सवय नाही, एवढंच.

लेखकाचा सूर ओळखायच्या प्रश्नाचंही तसंच. समजा उताऱ्यात वाक्य आलं, 'गिरण्या भरभराटीला आल्या होत्या, निदान वार्षिक अहवालांचं म्हणणं तसं होतं.' लेखकाचं मत काय? बरीच मुलं 'गिरण्यांची भरभराट झाली' या पर्यायावर टिचकी मारून मोकळी होतात. तेच मराठीत सांगा : 'गिरण्या जोरात चालल्या होत्या म्हणे.' त्या एका 'म्हणे'त लेखकाचा विश्वास नाही, हे आजीलाही कळतं. उतारा वाचताना प्रत्येक परिच्छेदाचं सार मनातल्या मनात मराठीत, अहिराणीत म्हणून बघितलं तर हे 'म्हणे' सापडायला लागतं. इंग्रजीतूनच विचार करा, असा सल्ला क्लासमध्ये सर्रास मिळतो. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी तरी तो उपयोगाचा नाही. ज्या भाषेत अर्थ लागतो त्या भाषेत आधी लावावा, वेग मागून येतो.

वेग लागतोच, त्याचे आकडे पाहा. कॅट २०२४ मध्ये भाषेच्या विभागात २४ प्रश्न होते आणि वेळ ४० मिनिटं. म्हणजे उतारा वाचण्यासकट एका प्रश्नाला १०० सेकंद. ही ४० मिनिटं बंदिस्त असतात, गणितात वाचलेला वेळ इकडे वळवता येत नाही. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ५० प्रश्न थेट भाषेचे, पण तर्काचे ७५ प्रश्नही इंग्रजी वाचूनच सोडवायचे. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून आटोपशीर झाली आहे, पावणेचार तासांची दोन तासांच्या आत आली. भाषेचे २७ आणि गणिताचे २७ प्रश्न, शिवाय एक निबंध. पण तिथे पहिला विभाग कसा सोडवला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे सुरुवातीचा गोंधळ महागात पडतो.

कॅट २०२४ साठी देशभरातून ३.२९ लाख जणांनी नाव नोंदवलं आणि २.९३ लाख प्रत्यक्ष बसले. या गर्दीत आयआयएम एकूण पर्सेंटाइल बघतातच, पण प्रत्येक विभागाची किमान अटही वेगळी असते. गणितात ९८ आणि भाषेत ५५ आले तर त्या ९८ चा उपयोग होत नाही. 'जे येतं ते पक्कं करा, बाकी सोडून द्या' हे बोर्डाच्या परीक्षेतलं शहाणपण इथे चालत नाही. आणि मुलं नेमकं तेच करतात. संध्याकाळी दोन तास मिळाले की गणित सोडवतात, कारण उत्तर जुळलं की बरं वाटतं. वाचायला बसलं की अर्ध्या तासात झोप येते.

तरी गणितातही एक खाच आहे. मराठी पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी होती. गुजराती घडियांतही तसंच होतं. जुन्या पिढीतल्या दुकानदाराला साडेबारा टक्के म्हणजे पावकीच्या निम्मे, हे विचार न करता येतं. नव्या मुलांकडून ते गेलं आणि त्या जागी कॅल्क्युलेटर आला. कॅट आणि जीआरईत पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर असतो खरा, पण प्रत्येक भागाकाराला तिकडे वळलं तर वेळ पुरत नाही. जीआरईत दोन रकमांची तुलना करायचे प्रश्न असतात : एका बाजूला क्ष, दुसऱ्या बाजूला क्षचा वर्ग, मोठं काय? घाईत 'वर्ग मोठा' असं उत्तर जातं. पण क्ष अर्धा असेल तर वर्ग पाव होतो, म्हणजे लहान. क्ष उणे असेल तर पुन्हा वर्ग मोठा. माहिती अपुरी, हेच उत्तर. ज्याच्या तोंडात निमकी-पावकी आहे त्याला अपूर्णांक आठवतो. बाकीचे १, २, ३ घालून पाहतात आणि फसतात.

सरावाबद्दल सुरतमध्ये दोन टोकं दिसतात. एकीकडे भरमसाट फी घेणारे क्लास, दुसरीकडे मोबाइलवर येणाऱ्या शब्दांच्या याद्या. कॅट देणाऱ्याने याद्या पाठ करण्यात महिने घालवू नयेत. तिथे सुटे शब्दार्थ विचारणं केव्हाच मागे पडलं, प्रश्न उताऱ्यांवर आणि वाक्यांच्या क्रमावर असतात. जीआरईला शब्द लागतात, पण तेही वाक्यात भेटलेले जास्त टिकतात. आयआयएमचे मागचे पेपर मिळतात, जीआरई घेणारी ईटीएस संस्था दोन पूर्ण सराव चाचण्या फुकट देते. जीआरईची फी वीस हजार रुपयांच्या वर आहे, तेव्हा त्या दोन चाचण्या वेळ लावून दिल्याशिवाय फॉर्म भरणं म्हणजे पैसे ताप्तीत टाकणं. शिवाय कोविडनंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी काही अभ्यासक्रमांना जीआरईची अट काढली आहे. हवा तो अभ्यासक्रम त्यात आहे का, हे आधी बघावं.

वाचन कुठून सुरू करायचं? जो विषय मराठीत आधीच माहीत आहे, तोच इंग्रजीत. कापसाचा भाव, जीएसटी, उकाईचं पाणी, क्रिकेट, काहीही. संदर्भ डोक्यात असला की अनोळखी शब्द अडवत नाहीत. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवावी आणि चूक हिशेबाची की वाचायची, एवढंच समोर लिहावं. महिनाभराने वही चाळली की गणितातल्या किती चुका खरं तर वाचनाच्या होत्या, ते मुलाला स्वतःलाच दिसतं.

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, फोटो काढायला मजा येते. प्रवेशाच्या वेळी तीच सीमा मजेची राहत नाही. महाराष्ट्राच्या कोट्यातल्या जागांसाठी शिक्षण किंवा अधिवास तिथला दाखवावा लागतो. बाप वीस वर्षं सुरतला, पोराची दहावी-बारावी गुजरात बोर्डाची, मग गावी घर असूनही त्याला बहुधा अखिल भारतीय जागांच्या रांगेत उभं राहावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींच्या स्थलांतरितांना दुसऱ्या राज्यात तिथलं आरक्षण मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केलं. केंद्राच्या सवलती मात्र मूळ राज्याच्या जातीवर मिळू शकतात. म्हणून सीमेवरच्या या मुलांसाठी आयआयएम, एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांची परीक्षा इतरांपेक्षा जास्त मोलाची. दोन्ही राज्यांच्या मधे अडकलेल्याला तिथे निदान 'तू कुठला' हा प्रश्न कमी छळतो. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणं आणि दाखल्यासाठी गावी वेळेत चक्कर मारणं हाही तयारीचाच भाग समजावा.

सुरतच्या मराठी माणसाची ताकद राजकारणात दिसते. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, लिंबायतने संगीता पाटील यांना आमदार केलं. मंडळं आहेत, गणेशोत्सव आहेत, समाजाच्या वाड्या आहेत. घोडदोड रोडची नर्मद सेंट्रल लायब्ररी चांगली आहे, पण डिंडोलीच्या पोराला शिफ्ट संपवून तिथे जाऊन परत यायला संध्याकाळ जाते. लिंबायत-उधन्यात रात्री अकरापर्यंत उघडी असलेली अभ्यासिका, तिथे दोन इंग्रजी वर्तमानपत्रं आणि वेळ लावून चाचणी देता येईल असे दहा संगणक, ही मागणी काही फार मोठी नाही. एका मंडळाच्या एका वर्षाच्या मंडपाच्या खर्चात यातलं बरंच बसेल.

वेळापत्रकाचा मुद्दा मार्केटमध्ये काम करणाऱ्यांसाठी सर्वांत अडचणीचा. कॅटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. मधले महिने म्हणजे दिवाळीचा सीझन. पार्सलं, चलन, उधारी, मार्केट रात्री उशिरापर्यंत चालू. सुटी मिळते ती थेट दिवाळीत, आणि तेव्हा सगळं घर खान्देशच्या गाडीत बसतं. २०२४ मध्ये लाभपंचम ६ नोव्हेंबरला होती आणि कॅट २४ ला. मध्ये अठरा दिवस. एवढ्यात वाचनाची सवय लागत नाही. अशा मुलाने खरी तयारी होळीनंतर, मार्केट थोडं थंड असतं तेव्हा सुरू करायला हवी : रोज एक उतारा, आठवड्याला एक वेळ लावलेली चाचणी. सीझनमध्ये फक्त उतारा चालू ठेवायचा, गणिताला हात नाही लावला तरी चालेल. ते दुकानात रोज होतंच आहे.