मोजणीदारांचें घर

अमेरिकेंतील दक्षिण डकोटा राज्यांत डी स्मेट नांवाच्या लहानशा गांवीं एक जुनें लांकडी घर जतन केलेलें आहे. आगगाडीच्या रस्त्याची मोजणी करणारे लोक हिंवाळ्यासाठीं निघून गेले, तेव्हां 1879-80 सालीं तें राखण्यास इंगल्स कुटुंब राहिलें. त्यांतील लॉरानें 1939 सालच्या आपल्या पुस्तकांत हें घर भलें मोठें असल्याचें वर्णिलें आहे. आम्ही आंत गेलों आणि थबकलों. एवढेंच कां तें? पण खोपटांत दिवस काढलेल्या बारा वर्षांच्या मुलीस तो वाडाच वाटला असावा!

हें घर मुळांत रुपेरी सरोवराच्या कांठीं होतें. पुढें तें गांवांत हलविलें. म्हणून चूल व भांडीं पाहून परतणारास अर्धेंच घर दिसतें, असें आमचें मत आहे. सरोवराकडील ओसाड माळ पाहावा, आणि तो कोणाचा होता हेंही विचारावें. पांच वर्षें राहून जमीन कसणारास 160 एकर देणारा कायदा 1862 सालीं झाला. परंतु ती भूमि निर्जन नव्हती. डकोटा हें नांवच तेथील मूळ रहिवाशांचें.

हें सांगितल्यास मुलांचें लॉरावरील प्रेम उणें होईल, असें कांहीं पालकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्गांत आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हां एका मुलीनें विचारिलें, "सर, मग त्या हिंवाळ्यांत ते लोक कोठें होते?" 1867 च्या तहानें त्यांतील कित्येकांस ट्रॅव्हर्स सरोवराजवळ राखीव भूमि नेमून दिली होती. आम्हीं नकाशा उघडला, आणि तिनें तें दुसरें सरोवर स्वतःच शोधून काढलें.