मारिओ की सॉनिक: एका उसन्या वैराची उलटतपासणी

मराठीत स्मरणरंजनाचा एक नवा प्रकार अलीकडे रुजू पाहतो आहे. ऐंशीच्या दशकात जन्मलेले लेखक चाळिशीला पोचून बालपण लिहू लागले आहेत, आणि त्या बालपणात गोट्या, पतंग, सुट्टीतली वाचनालये यांच्या शेजारी व्हिडिओ गेम येऊन बसला आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. झाला तर उशीरच झाला. तक्रार आहे ती अशा लेखनात थोड्याफार फरकाने हमखास भेटणाऱ्या एका विधानाबद्दल: आमची पिढी मारिओ आणि सॉनिक अशा दोन तटांत विभागलेली होती. हे विधान निगडी, चिंचवड वा भोसरीत वाढलेल्या माणसाने केले की आम्हांला थांबून विचारावेसे वाटते, की कोणती पिढी, आणि कोणते तट?

आधी या वैराची जन्मपत्रिका पाहू. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा निन्टेन्डो कंपनीचा खेळ १९८५ साली जपानात आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला. 'सॉनिक द हेजहॉग' हा सेगा कंपनीचा खेळ १९९१चा. युजी नाका, नाओतो ओशिमा आणि हिरोकाझू यासुहारा हे त्यामागचे तिघे. म्हणजे सहा वर्षे एकटाच नांदलेल्या नायकाला प्रतिनायक मिळाला तो १९९१ मध्ये. पण दोघांचे 'वैर' खेळांच्या रचनेतून आपोआप उगवलेले नाही. सेगाच्या अमेरिकी शाखेची सूत्रे १९९० मध्ये टॉम कॅलिन्स्की यांच्या हाती आली. त्यांनी यंत्राची किंमत उतरवली, यंत्रासोबत सॉनिक फुकट दिला आणि प्रतिस्पर्ध्याला थेट हिणवणाऱ्या जाहिराती चालवल्या. मारिओ म्हणजे धाकट्या भावाचा खेळ आणि सॉनिक म्हणजे वयात आलेल्यांचा, ही विभागणी त्या जाहिरातींनी अमेरिकी किशोरांच्या डोक्यात पक्की केली. खुद्द जपानात सेगाचे ते यंत्र कधी आघाडीवर गेले नाही. तेव्हा हे वैर जपानी म्हणण्यालाही फारसा आधार नाही. ते प्रामुख्याने अमेरिकी बाजारपेठेतले, साधारण १९९१ ते १९९५ या काळातले एक विक्रीयुद्ध होते.

आता आपल्या पट्ट्यात या. सेगाने भारतात शॉ वॉलेस कंपनीशी वितरणाचा करार केला तो १९९५ मध्ये. आयातशुल्क ८० टक्के होते आणि यंत्राची किंमत ठरली १८,००० रुपये. ज्या गावात बजाजची स्कूटर तयार होत होती, त्या गावातल्या कामगाराने १८,००० रुपये हाती आल्यावर कशाचा विचार केला असता, हे सुज्ञांस सांगणे न लगे. शिवाय १९९५ पर्यंत अमेरिकेतली लढाई सरत आली होती आणि सोनी कंपनीचे प्लेस्टेशन बाजारात उतरले होते. वैर आपल्याकडे अधिकृतपणे पोचले तेव्हा त्याच्या उगमस्थानी त्याचा दहावा-बारावा उरकत होता.

आमच्या वसाहतींत आला तो मारिओ, आणि तोही निन्टेन्डोच्या दारातून क्वचितच. निन्टेन्डोच्या यंत्राचा 'समुराई' नावाचा भारतीय अवतार होता खरा. पण संत तुकारामनगर, यमुनानगर, प्राधिकरणातील छोटी घरे, खराळवाडी इथे बहुतेकांनी पाहिले ते त्या यंत्राच्या नकलेचे यंत्र. त्याला कोणी कंपनीच्या नावाने ओळखत नसे. यंत्रही 'व्हिडिओ गेम' आणि त्यावर खेळायचे तेही 'व्हिडिओ गेम'. त्यात कॅसेट बसवायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते सुट्टीत दिवसाच्या भाड्याने आणत. रात्रपाळी करून आलेले वडील आतल्या खोलीत, किंवा खोली एकच असेल तर तिथेच, झोपलेले असत. म्हणून टीव्हीचा आवाज बंद. कोजी कोन्दो यांचे जे संगीत जगभरच्या या पिढीच्या कानात असल्याचे सांगितले जाते, ते इथल्या कित्येक मुलांच्या कानात दिवसपाळीच्या आठवड्यापुरतेच आहे. हा तपशील आम्हांला दोन तटांच्या गोष्टीपेक्षा हजारपट मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच स्मरणरंजनातून गळतो, कारण उसन्या गोष्टीत त्याला जागा नसते.

इथे स्पर्धा नव्हती असे मात्र नाही. दोघांनी खेळायचे म्हटले तर 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पाळीपाळीने खेळावे लागते. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. पहिला मारिओ, दुसरा त्याचा भाऊ लुईजी. दोघांच्या अंगी सामर्थ्य अगदी सारखे, फरक फक्त कपड्यांच्या रंगाचा. आणि तरीही ज्याच्या घरचा टीव्ही तो मारिओ, पाहुणा लुईजी, हा अलिखित नियम गल्लोगल्ली होता. पहिला खेळाडू कुशल असला तर लुईजीची पाळी दुपारभर येत नसे. या पट्ट्यातले खरे वैर लिहायचे असेल तर ते इथे आहे. त्याला कोणत्याही कंपनीने जाहिरात दिलेली नाही.

दोन नावे समोरासमोर उभी करून त्यांतून विचार केल्याचे समाधान मिळवण्याची खोड आपल्या समीक्षेला जुनीच आहे. फडके की खांडेकर, कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा प्रश्न विद्यापीठांच्या परीक्षांनी किती वर्षे चघळला! त्या वादाला त्याच्या काळात अर्थ होता, हे मान्य. पण 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हापासून आजपर्यंत विद्यार्थ्यांनी तट निवडून उत्तरे लिहिली, आणि या दोन लेखकांचा वाचकवर्ग बराचसा एकच होता, वाचनालयातून आज एकाची कादंबरी नेणारा उद्या दुसऱ्याची नेत होता, ही साधी वस्तुस्थिती उत्तरपत्रिकेत आली नाही. मारिओ-सॉनिकच्या बाबतीत हा विनोद अधिकच उघडा आहे. सेगाने २००१ मध्ये स्वतःची यंत्रे बनवणे सोडले आणि त्याच वर्षी सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर राहायला गेला. २००७ मध्ये दोघे बीजिंग ऑलिंपिकच्या खेळात एकत्र धावले. वैराचे दोन्ही पक्ष एका पंगतीत बसून जेवत आहेत, आणि आमचे लेखक अजून त्यांच्या वतीने बाह्या सरसावून उभे!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे: मग या दोन खेळांची तुलनाच करू नये काय? जरूर करावी. मराठीत ती कोणी गांभीर्याने केलेली आमच्या वाचनात नाही, आणि वैराच्या गोष्टीने केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. तट निवडला की पाहण्याची गरज संपते.

पाहू गेल्यास काय दिसते? मारिओच्या पहिल्या स्टेजमध्ये एक शब्दही सूचना म्हणून येत नाही. नायक डाव्या कडेला उभा आहे, उजवीकडे मोकळी जागा आहे. चालू लागताच समोरून एक बुटका शत्रू येतो; काही केले नाही तर मरण, उडी मारली तर सुटका, आणि त्या उडीतच वरच्या ठोकळ्याला डोके लागून आत काय दडले आहे ते कळते. शिकवणे आणि घडणे या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत. उडीची उंची बटण किती वेळ दाबून धरले यावर ठरते. पळताना थांबायचे म्हटले तर नायक थोडा घसरतो. त्याला वजन आहे. आणि पडदा एकदा पुढे सरकला की मागे येत नाही. सोडून आलेल्या जागी परतण्याची मुभा नाही. आशय आणि रूपबंध यांच्या अद्वैतावर व्याख्याने देणाऱ्यांनी हे एवढे एक स्टेज वर्गात दाखवायला हरकत नसावी.

सॉनिकची कल्पना युजी नाका यांना मारिओचे हेच पहिले स्टेज पुनःपुन्हा खेळताना, ते अधिकाधिक वेगाने पार करण्याच्या ओढीतून सुचली, असे त्यांच्या मुलाखतींतून पुढे आले आहे. हे खरे मानले तर सॉनिक हा मारिओचा शत्रू ठरत नाही, भाष्यकार ठरतो. मूळ संहितेतली एक शक्यता, म्हणजे वेग, त्याने उचलली आणि तिच्याभोवती सारे जग नव्याने रचले. मारिओची भूमी बव्हंशी सपाट आणि पायऱ्यांची, सॉनिकची उतारांची. उतारावर वेग साठतो, तो वेग वर्तुळाकार मार्गावरून नायकाला उलटा फिरवून आणतो. हातात एक जरी कडे असले तरी आघाताने मरण येत नाही, सगळी कडी विखुरतात आणि ती गोळा करायला काही क्षण मिळतात. पण भाष्यकाराची कोंडीही इथेच आहे. वेग जितका जास्त, तितके पुढचे कमी दिसते. म्हणून सॉनिक वेगाने खेळता येतो तो पाठ झाल्यावरच. पहिल्या वाचनात अडखळणारा आणि पाठांतरानंतर उलगडणारा असा हा खेळ आहे. आमचा कल विचाराल तर मारिओकडे आहे, आणि त्याचे कारण बालपण नसून ही कोंडी आहे. ज्याला हे पटत नाही त्याने उतारांच्या बाजूने युक्तिवाद करावा, आम्ही ऐकू.

आणखी एक गोष्ट. मारिओ १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये सुतार होता, पुढे नळजोडणी करणारा झाला. आयटीआयच्या ट्रेडवर घरे उभी राहिलेल्या या गावात जगातला सर्वांत प्रसिद्ध नायक प्लंबर म्हणून आला आणि कोणालाच त्याचे नवल वाटले नाही! उलट सॉनिकचा खलनायक हा कारखानदार आहे. तो प्राण्यांना यंत्रांत कोंडतो, आणि पहिल्या खेळाचा शेवटचा टप्पा भंगार आणि धुराड्यांचा आहे. पवना आणि इंद्रायणी यांच्या पाण्याचे एमआयडीसीच्या काठाने काय झाले हे पाहणाऱ्या मुलांपर्यंत ही कथा पोचली असती तर तिचा काही वेगळा अर्थ लागला असता काय? या तर्काला आम्ही फार ताणणार नाही. ती पोचली नाही, एवढेच नोंदवतो. कारखान्यांविषयीचा खेळ कारखान्यांच्या गावात विकत घेण्याजोगा नव्हता.

राहता राहिला तो वर्ग, जो म्हणेल की खेळ हा समीक्षेचा विषयच नव्हे, त्यातून चोरीच्या कॅसेटवरचा तर नव्हेच. यांतल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर देहूत आहे, भोसरीपासून हाकेच्या अंतरावर. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतुतू, चेंडूफळी, विटीदांडू या खेळांवरचे अभंग आहेत. या भूमीतला सर्वांत मोठा कवी मुलांच्या खेळाकडे नाक मुरडून पाहत नव्हता. खेळाचा डाव, पाळी, बाद होणे यांत त्याला परमार्थाची भाषा सापडत होती. त्याच्या अभंगांवर प्रबंध लिहून नोकरी मिळवणाऱ्यांनी खेळ हलका ठरवावा, यातली विसंगती त्यांची त्यांनी पाहावी.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक रोचक वाटतो, कारण तो उलटून अंगावर येतो. चोरीच्या कॅसेटवर '९९ इन १' किंवा त्याहून फुगवलेला आकडा छापलेला असे. आत खेळ मोजके. तेच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नावांनी. पण ते हुबेहूब तेच नसत. एका नावाखाली मारिओ पाचव्या जगातून सुरू होई, दुसऱ्याखाली रंग बदललेले, तिसऱ्याखाली उडी अशक्य उंच. कर्त्या कंपनीचे नाव बहुधा पुसलेले. मूळ कर्त्याचे नाव नाही, प्रती करणारे अनामिक, प्रत्येक प्रतीत काही बदल, आणि वाचणाऱ्याला मूळ कोणते हे ठाऊक नाही, गरजही नाही: मराठीच्या अभ्यासकाला या परिस्थितीसाठी शब्द शोधावा लागू नये. जुन्या बाडांवर काम करणारे लोक याला पाठभेद म्हणतात. अमेरिकेतल्या मुलाने एक मारिओ खेळला, सर्वांचा तोच. चिंचवडच्या मुलाने खेळलेला मारिओ कोणत्या कॅसेटवरचा होता हे विचारल्याशिवाय त्याच्या आठवणीचा अर्थ लागत नाही. कोणी शपथेवर सांगतो की मारिओ सुरुवातीलाच पाण्याखाली असतो, कोणी सांगतो की पहिल्या जगातच रात्र असते. दोघेही खोटे बोलत नसतील.

हे पाठ कोणी नोंदवलेले नाहीत. यंत्रे केव्हाच भंगारात गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामे हजारोंच्या संख्येने जमीनदोस्त केली, तेव्हा या शहराच्या टाकून दिलेल्या वस्तूंचा मोठा साठाच हलला. त्यात कॅसेटी होत्या की नव्हत्या हे सांगणे शक्य नाही. घराघरांच्या माळ्यावर मात्र अजून काही असतील. पट्ट्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने मारिओ-सॉनिकवर तटबंद निबंध लिहून घेण्याऐवजी मुलांना एवढेच काम द्यावे: घरची किंवा शेजारची एक कॅसेट मिळवायची, तिच्या चिठ्ठीवरचा आकडा, यादीतली नावे, प्रत्येक नावाखाली मारिओ कोणत्या स्टेजला सुरू होतो, हे वहीत लिहायचे. कॅसेट चालली नाही तर तिच्या मालकाला विचारायचे, आणि तो जे सांगेल ते, पटो न पटो, तसेच उतरवून घ्यायचे. लुईजी कोण व्हायचा, हेही.