एक खिडकी, पण घरपट्टी दुसऱ्या गल्लीत

कुठल्याही सिस्टिमच्या नावात 'युनिव्हर्सल' हा शब्द दिसला की मी आधी खिसा चाचपतो. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर ही सवय लागतेच. अशा प्रत्येक सिस्टिमच्या बाहेर एक तरी मोड्यूल राहिलेलं असतं, "ते फेज टू मध्ये बघू" असं म्हणून. आणि पुढे सगळे बग नेमके त्याच सांध्यात निघतात.

इंग्लंडच्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या बाबतीत ते मोड्यूल म्हणजे कौन्सिल टॅक्समधली सवलत. माझं म्हणणं सरळ आहे. ही सवलत बाहेर राहिली नाही, ती बाहेर ठेवली. आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत तेच मोजताहेत.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपल्या घरपट्टीचा चुलतभाऊ. फरक एवढाच की घरपट्टी मालकाच्या नावावर येते, आणि कौन्सिल टॅक्स साधारणपणे जो घरात राहतो त्याच्या. म्हणजे भाडेकरूसुद्धा भाडं भरून वर हा कर भरतो. 1 एप्रिल 1991 रोजी घराची किंमत काय असती त्यावरून ए ते एच असे बँड ठरलेत. (होय, 1991! इंग्लंडमध्ये फेरमूल्यांकन झालेलंच नाही.) 2025-26 मध्ये इंग्लंडमधलं डी बँडचं सरासरी बिल 2280 पौंड होतं. कमी पगारवाल्याला ही रक्कम म्हणजे चेष्टा नाही.

2013 पर्यंत गरिबांसाठी कौन्सिल टॅक्स बेनिफिट होता. देशभर नियम एकच. भाड्यासाठीचा हाउसिंग बेनिफिटही कौन्सिलच देई, त्यामुळे दोन्हींचा अर्ज बहुधा एकाच फॉर्मवर व्हायचा. जुनाट, कागदी, कंटाळवाणी पद्धत. पण चालायची.

मग आला एप्रिल 2013. मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं. सहा जुने बेनिफिट्स मिळून एक. एक अर्ज, महिन्याला एक रक्कम, सगळं सोप्पं. हे काम इयन डंकन स्मिथ यांच्या खात्याचं. आणि त्याच महिन्यात एरिक पिकल्स यांच्या खात्याने काय केलं? कौन्सिल टॅक्स बेनिफिट बंद करून प्रत्येक कौन्सिलला सांगितलं, तुमची योजना तुम्ही बनवा. त्यासाठीचा केंद्राचा पैसाही 10 टक्के कमी. वर अट अशी की पेन्शनच्या वयाच्या लोकांना हात लावायचा नाही. म्हणजे कपातीचा सगळा भार कामाच्या वयातल्या गरिबांवर. समजा एखाद्या कौन्सिलचा निम्मा खर्च पेन्शनरांवर होत असेल, तर उरलेल्यांच्या वाट्याला 10 नव्हे, 20 टक्के कपात येते. गणित शाळेतलंच आहे.

एकच सरकार. एक खातं सहाचं एक करतंय, शेजारचं खातं एकाचे तीनशेच्या वर करतंय. आमच्याकडे असं डिझाइन कुणी रिव्ह्यूला आणलं असतं तर त्याला चहासुद्धा मिळाला नसता.

आता हा सांधा तुटतो कसा ते बघा. ओळखीच्या एक काकू आहेत, केअर होममध्ये काम करतात, इथल्याच नागरिक. त्यांना टॅक्स क्रेडिट्स आणि हाउसिंग बेनिफिट मिळायचा, कौन्सिल टॅक्सही कमी लागायचा. मग जुनं बंद होतंय, युनिव्हर्सल क्रेडिटला अर्ज करा, असं पत्र आलं. (टॅक्स क्रेडिट्स 5 एप्रिल 2025 ला पूर्ण बंद झाले.) काकूंनी मुदतीत अर्ज केला. त्यात पगार विचारला, भाडं विचारलं, मुलं विचारली. त्यांना वाटलं, झालं सगळं. इकडे हाउसिंग बेनिफिट थांबला आणि त्याच्याबरोबर कौन्सिल टॅक्सची सवलतही. ती नव्याने कौन्सिलकडे, वेगळा अर्ज करून मागायची होती. चौथ्या महिन्यात कोर्टाचं समन्स हातात घेऊन काकू मला विचारत होत्या, "अरे, पण मी फॉर्म भरला होता ना?"

भरला होता हो काकू. दुसऱ्या खिडकीवर भरला होता.

कौन्सिलने मागची सवलत एकाच महिन्याची दिली. बाकीचं काकूंनी हप्त्याहप्त्याने फेडलं. यावर ठरलेलं उत्तर असतं: "पत्रात लिहिलं होतं, लोकांनी वाचायला हवं." हे मला अजिबात पटत नाही. शंभरातले दोन लोक चुकले तर ते चुकले म्हणू. पण ज्या चुकीबद्दल प्रत्येक सल्ला केंद्राला आधीपासून पत्रकं छापून ठेवावी लागतात, ती चूक वापरणाऱ्याची नसते, बनवणाऱ्याची असते. त्यातून पहिलं युनिव्हर्सल क्रेडिट हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात. त्या काळात माणूस भाडं आणि वाणसामान बघतो, पत्रातली बारीक अक्षरं नाही.

बरं, अर्ज केला, सवलत मिळाली, तरी सुटका नाही. युनिव्हर्सल क्रेडिट दर महिन्याला नव्याने मोजलं जातं. पगार कमीजास्त झाला की रक्कम बदलते आणि बदलाची माहिती कौन्सिलकडे जाते. जिथली योजना उत्पन्नाला घट्ट बांधलेली आहे तिथे लगेच सवलत बदलते, नवं बिल निघतं, उरलेले हप्ते पुन्हा मांडले जातात. ज्याला चार आठवड्यांनी पगार मिळतो त्याला वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार 'दिसतात'. वर्षाची कमाई तीच, पण कॉम्प्युटरच्या मते तो त्या महिन्यापुरता श्रीमंत! पगाराच्या तारखेच्या अशाच घोळापायी चार महिला कोर्टात गेल्या होत्या. त्यांना पगार महिन्यानेच मिळायचा, पण सुट्टीमुळे एक-दोन दिवस अलीकडे जमा व्हायचा. जून 2020 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकारचं वागणं तर्काला धरून नाही असं म्हटलं, आणि त्याच वर्षी नियम बदलावे लागले. तारखेचा बग दुरुस्त करायला अपील कोर्ट!

आता कमाईचं गणित. समजा एखादीने जादा शिफ्ट करून 100 पौंड कमावले. 20 आयकर, 8 नॅशनल इन्शुरन्स, उरले 72. त्यावर युनिव्हर्सल क्रेडिट 55 टक्क्यांनी घटतं, म्हणजे 39.60 गेले, उरले 32.40. तिची कौन्सिल जर जुन्या बेनिफिटसारखी वाढीव उत्पन्नाच्या 20 टक्के सवलत कापत असेल, तर आणखी 6.48 गेले. हातात 25.92. हीच बाई चार मैलांवर दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत राहत असती तर आकडा वेगळा. आणि मंत्री भाषणात सांगणार, काम करणं परवडलं पाहिजे!

सगळ्यात कडेलोट म्हणजे जोडप्यांचा नियम. मे 2019 पासून नव्याने अर्ज करणाऱ्या जोडप्यात एकजण पेन्शनच्या वयाचा आणि दुसरा लहान असेल, तर त्यांना पेन्शन क्रेडिट नाही, युनिव्हर्सल क्रेडिट. आणि ते घेतलं की कौन्सिल टॅक्सच्या हिशेबातही ते 'पेन्शनर' राहत नाहीत. सत्तरीचे आजोबा, आजी साठीच्या, म्हणून आजोबा कामाच्या वयाचे! पेन्शनरांसाठीचं देशव्यापी संरक्षण गेलं, कौन्सिल देईल ते खरं.

यावर स्थानिक स्वातंत्र्याचा मुद्दा येतो. गावाने आपलं ठरवावं, तत्त्व छानच. पण पैसे कापून दिलेलं स्वातंत्र्य म्हणजे कपातीचं पाप दुसऱ्याच्या माथी मारणं. केंद्र म्हणतं कौन्सिलला विचारा, कौन्सिल म्हणते केंद्राने पैसे दिले नाहीत. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. म्हणून अनेक कौन्सिलांनी काय केलं? कामाच्या वयातल्या प्रत्येकाने, उत्पन्न शून्य असलं तरी, बिलाचा काही हिस्सा भरलाच पाहिजे.

हे आधी करून झालंय हो! 1990 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या पोल टॅक्समध्ये अगदी गरिबालाही 20 टक्के भरावेच लागत. गरिबांकडून थोडे थोडे पैसे वसूल करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, हे तेव्हाच कळलं होतं. म्हणून 1993 मध्ये कौन्सिल टॅक्स आला तेव्हा पूर्ण सवलतीची सोय ठेवली. वीस वर्षांनी ती पुसली आणि वसुलीची यंत्रणा तशीच ठेवली. 1992 च्या नियमांनी घालून दिलेली पद्धत अशी: हप्ता चुकला की स्मरणपत्र, सात दिवस, मग आणखी सात दिवस, आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय. त्यापुढे कोर्ट, कोर्टाचा खर्च, जप्तीवाले. ज्याला 20 पौंड भरता आले नाहीत त्याच्याकडे एकदम शेकडो पौंड मागायचे, ही कुठली अक्कल?

"दुसरं काही शक्य नाही" असं मात्र कुणी सांगू नये. स्कॉटलंड आणि वेल्सने 2013 नंतरही आपापली देशभर एकच अशी योजना ठेवली. इंग्लंडमधल्याही काही कौन्सिलांनी उत्पन्नाचे रुंद टप्पे केले, म्हणजे पाच-दहा पौंडांनी नवं बिल निघत नाही. करायचं काय ते स्पष्ट आहे. एक, युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज हाच कौन्सिल टॅक्स सवलतीचा अर्ज धरा. नाहीतरी माहिती त्याच तारेतून जाते. दोन, सवलत एकदा ठरली की निदान सहा महिने हलवू नका. तीन, ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून काही मागू नका. यातलं एकही काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मी याहून अवघड गोष्टी याहून मूर्ख कारणांसाठी केलेल्या आहेत.

जाता जाता, इथे वर्क व्हिसावर असलेल्या मंडळींसाठी. ही सवलत 'पब्लिक फंड्स'मध्ये मोडते, तुमच्या व्हिसावर तशी मनाई असेल तर अर्ज करू नका. घरात एकटेच प्रौढ असाल तर मिळणारी 25 टक्के सूट वेगळी, ती पब्लिक फंड्समध्ये येत नाही, ती जरूर घ्या. आणि ओळखीत कुणाचा बेनिफिट बदलत असेल तर त्यांना त्याच दिवशी एवढंच विचारा: "कौन्सिलला वेगळं कळवलंत का?"

हा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारावा लागतो, सरकारच्या फॉर्मला तो आपणहून निस्तरता येत नाही, यातच सगळं आलं.